गाडीची उचकी

माझ्या मोटरसायकलला उचकी लागायची. हा शब्द आईचा. मी तिला आधी इंग्रजी शब्दांत सांगून पाहिलं होतं, की गाडी हेझिटेट करते, मधेच फ्लॅट होते. आई नांदेडला घरीच ब्लाऊज शिवते. मशीनवरची मान वर न करता तिने विचारलं, "म्हंजे उचकी लागते?"

मी म्हटलं, हो, तेच.

"मग कुणीतरी आठवण काढून राहिलं असंल तिची."

गाडी मी माझ्या पगारातून घेतली होती, जुनीच. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलायची हौस माझी, आणि ते बसवून देण्याचा उत्साह माझ्या चुलत भावाचा, दादाचा. नव्या फिल्टरमधून हवा जास्त येते आणि नव्या सायलेन्सरमधून मोकळी बाहेर पडते. मग पेट्रोलही त्या मानाने लागतं. मूठ किती पिळली आणि इंजिन किती वेगात फिरतंय, यावर किती पेट्रोल सोडायचं हे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमधला एक तक्ता ठरवतो. त्याला मॅप म्हणतात. दादाने तो इंटरनेटवरून तयार आणला आणि चहा थंड व्हायच्या आत लॅपटॉपवरून गाडीत भरला. "सेम मॉडेल, सेम सायलेन्सर. तू कशाला टेन्शन घेऊन राहिली?"

पूर्ण मूठ पिळली की गाडी सुरेख पळायची. उचकी मधल्या जागी होती. तिसरा गियर, मूठ थोडीशीच पिळलेली आणि समोर चढ. म्हणजे आमच्या रस्त्यावर नेमकी उसाची ट्रॉली मागे टाकायची वेळ.

मला लातूरला नोकरी लागली होती. तिथे खोली घेतली होती, आणि सुटीला नांदेडला यायचं ते गाडीनेच, असं मी मनाशी ठरवलं होतं. बसला माझी हरकत नाही. पण बसमध्ये शेजारची बाई गाव, आडनाव, पगार आणि लग्न या क्रमाने विचारत जाते, आणि मला उत्तरं सुचत नाहीत. हेल्मेटला कोणी काही विचारत नाही.

एकदा पप्पा मागे बसले होते. लोह्याच्या पुढे ट्रॉलीला मागे टाकायला मी अर्धी बाहेर आले, आणि गाडीला उचकी लागली. समोरून ट्रक. मी ब्रेक दाबून पुन्हा ट्रॉलीच्या मागे आले. घरी पोहोचल्यावर पप्पा पायातली चप्पल काढता काढता म्हणाले, "विकून टाक. बसनं ये-जा कर." दोनच दिवसांत त्यांनी गिऱ्हाईकही पाहिलं. तो सोमवारी गाडी बघायला येणार होता.

मी म्हटलं, "मी गाडी नीट करून आणते. रविवारी तुम्ही माझ्यामागे बसून अहमदपूरपर्यंत चला. नाही जमलं तर विकू."

"एकदा बी लागली तर?"

"तर किल्ली तुमच्या हातात."

दादाकडे उपाय तयारच होता. "दुसरा मॅप टाकू. माझ्या दोस्ताच्या गाडीचा हाय, एकदम परफेक्ट."

आई टाचण्या तोंडात धरून ऐकत होती. आमच्याकडे ब्लाऊज शिवायला टाकताना सोबत जुना ब्लाऊज मापाला द्यायची पद्धत आहे. आई तो घेत नाही. जुन्यातली चूक नव्यात येते, म्हणते. काही मुली तर कहर करतात. दोघी सारख्याच दिसतो म्हणून मैत्रिणीचा ब्लाऊज आणतात. आईने टाचण्या काढल्या. "तुझं बी तसंच झालं की रे. दोस्ताचा ब्लाऊज मापाला आणून राहिलास."

दादा लाजला. मी मात्र त्या दुपारी फोनवर लातूरमधलं डायनोवालं गॅरेज शोधून काढलं आणि शनिवारी दादाला घेऊन गाडी तिथे नेली. डायनोवर गाडी जागेवरच बांधतात आणि मागचं चाक एका जड रोलरवर फिरवतात. गाडी कुठेच जात नाही, पण इंजिन काय करतं ते स्क्रीनवर दिसतं. तिथला ट्यूनर, म्हणजे मॅप जुळवून देणारा, दादाच्याच वयाचा होता. "किती पळवता?" हे त्याने दादाला विचारलं.

"माझी न्हाई, हिची गाडी," दादा म्हणाला, आणि पुढची सगळी उत्तरं त्यानेच दिली.

समोर मोठा पंखा लावला होता. ट्यूनरने पूर्ण मूठ पिळून गाडी पळवली, मॅपमधले काही आकडे बदलले, पुन्हा पळवली. स्क्रीनवरची पॉवरची रेघ झोकात वर चढली. दादाने फोटो काढला. "लई भारी! बघितलं का?"

"ताई, खूश?" ट्यूनरने मला विचारलं.

मान हलवली असती तर सगळे घरी गेलो असतो. मान हलवणं मला चांगलं जमतं. पण आई माप घेताना बाईला नुसती उभी करत नाही, हात वर करायला लावते, वाकायला लावते. उभ्याने नीट बसलेला ब्लाऊज भाकरी थापताना उसवतो, हे तिचं ठरलेलं वाक्य. आमची गाडी आत्तापर्यंत नुसती उभी होती.

"यात उचकी दिसली नाही," मी म्हणाले.

"काय?"

"काकूचा शब्द हाय तो," दादा हसायला लागला.

ट्यूनरही हसला, पण त्याने विचारलं, "कधी लागते?"

मी सांगितलं. तिसरा गियर, चढ, समोर ट्रॉली. इंग्रजी एकही शब्द लागला नाही. मूठ किती ते सांगता येईना म्हणून हवेतच मनगट वळवून दाखवलं.

"मग ताई, तुम्हीच बसा. मला उचकी काढून दाखवा."

मी बसले. त्याने रोलर जड करत नेला. खाली फरशी होती, पण चाकाखाली लोह्याचा चढ आला. तिसरा गियर. मूठ तेवढीच. आणि लागली.

"हीच!" मी पंख्याच्या आवाजावरून ओरडले. मी इतक्या मोठ्याने ओरडू शकते हे दादालाही नवं असावं.

"पेट्रोल कमी पडतंय इथं," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. त्याने तक्त्यातले तेवढेच चौकोन बदलले. मी पुन्हा मूठ पिळली. लागली, पण हलकी. पुन्हा बदलले. मूठ अजून जरा कमी, रोलर अजून जरा जड. दुपार अशीच गेली. शेवटी मी हवी तिथे, हवी तशी मूठ पिळत होते आणि काहीच होत नव्हतं. इतकं सुंदर ‘काहीच नाही’ मी आधी कधी अनुभवलं नव्हतं.

"एवढं करून पॉवर तेवढीच?" दादा हिरमुसला.

"मला तेवढी पुरते," मी म्हटलं.

रविवारी पप्पा मागे बसले, हात स्वतःच्या गुडघ्यांवर. लोह्याच्या पुढे चढ लागला आणि ट्रॉलीही. ऊस रस्त्यावर लोंबत होता. मी आरसा पाहिला, समोर पाहिलं, तिसरा गियर टाकला आणि मूठ वळवली. गाडी बाजूने निघून गेली. आई टीप घालते तशी, सरळ. पुढे आणखी एक ट्रॉली भेटली, तिलाही मागे टाकलं. नंतर तर मीच ट्रॉल्या शोधत होते.

अहमदपूरच्या स्टँडसमोर आम्ही भजी घेतली. पप्पांनी सोबतची तळलेली मिरची अख्खी तोंडात टाकली आणि त्यांना उचकी लागली. तेवढ्यात आईचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"लागली का उचकी?"

"मला लागली," पप्पा म्हणाले, "गाडीला न्हाई."

पलीकडे आई हसत सुटली. पप्पा पाणी प्यायले, थांबले, मग स्वतःचा फोन काढून गिऱ्हाइकाला लावला. "उद्या येऊ नका, भाऊ. न्हाई, दुसऱ्या कुणी न्हाई घेतली. पोरगी वापरून राहिली गाडी." मधे एक उचकी आलीच.

फोन खिशात टाकून त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं, आणि माझ्यामागे बसत म्हणाले, "चल. अन् ट्रॉली दिसली तर उगं मागं मागं राहू नको."