गयाकाकूचं मत

गयाकाकूसमोर 'पिक्चर चांगला होता' असं म्हणायची आमच्या घरात कुणाची हिंमत नव्हती. मी एकदा म्हणाले होते. तेव्हा मी शाळेत होते. जालन्यातल्या एका थिएटरातून बाहेर पडून आम्ही शेजारच्या हॉटेलात, फॅमिली रूमच्या मळकट पडद्याआड चहाला बसलो होतो. काकूनं कप खाली ठेवला आणि मी कपबशी फोडली असावी तसं माझ्याकडं पाहिलं.

"चांगला म्हंजी काय? भाजी चांगली असती, पाहुणा चांगला असतो. पिच्चरमधलं काय आवडलं ते सांग. न्हाई आवडला तर काय न्हाई आवडलं ते सांग. पन चांगला म्हनून उठू नको."

मी घाबरून म्हणाले की मला हिरॉइनची लाल साडी आवडली. काकूचा चेहरा खुलला. "हां, हे मत झालं," ती म्हणाली आणि पुढं चहा संपेपर्यंत त्या साडीवरच बोलत राहिली. हिरॉइन गरीब, बापाच्या औषधाला पैसा नाही, मग प्रत्येक गाण्याला नवं लुगडं कोण आणून राह्यलं, असा तिचा सवाल होता.

गयाकाकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका आष्टीला राहून शेती पाहायचे. बाबा सरकारी कचेरीत लागले होते आणि जालना वेगळा जिल्हा झाल्यावर त्यांची बदली जालन्याला झाली. बदलीनं आईला घर लावायची चिंता पडली, बाबांना नव्या साहेबाची. सगळ्यांत जास्त आनंद झाला तो काकूला. दिराचं भलं झालं म्हणून ती हरखली असं आम्हाला वाटलं. महिना व्हायच्या आत ती काकांना घेऊन आली. सोबत ज्वारीचं पीठ, शेंगा, मेथीच्या जुड्या. सामान ओट्यावर ठेवलं, पाणी प्यायली आणि आईला विचारलं, "इथून टाकीज किती लांब हाय?"

तेव्हापासून सुगी आणि लग्नसराईचे दिवस सोडले तर तिची फेरी चुकली नाही. आष्टीहून परतूरपर्यंत जीप, परतूरहून रेल्वेनं जालना. दर वेळी काहीतरी कारण असायचं. कधी काकांचा चष्मा, कधी बियाणं, कधी नुसतंच "पोरीची आठवण येऊन राह्यली व्हती." पोरगी म्हणजे मी. माझी आठवण शुक्रवारी, नवा सिनेमा लागला की यायची.

तिची मतं ऐकायला आमच्या गल्लीतल्या बायका जमायच्या. काकूचा जीव व्हिलनवर. "अख्ख्या पिच्चरमधी टायमावर उठून कामाला जानारा यकच मानूस, व्हिलन," ती म्हणायची. "हिरो बिलकुल काही करत न्हाई. नुसता बागात हिंडून राह्यला. अशाला मी तर पोरगी दिली नसती." शेजारच्या बाई म्हणाल्या, अहो पण तो व्हिलन चोरटा माल आणतो. काकू म्हणाली, आणतो ना, पण रोज आणतो. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि आई आतून काकूला हाक मारायची, कारण बाबा ओसरीवर पेपर वाचत असायचे आणि त्यांना हा प्रकार पसंत नव्हता.

काकांची तऱ्हा वेगळी. ते कमी बोलणारे. सिनेमात कुणाचीही आई पडद्यावर आली की त्यांच्या डोळ्याला धार लागायची. आई अजून धडधाकट असली, हसत लाडू वळत असली तरी काका रडायला सुरुवात करायचे. "आता ही मरनार," असं ते हळूच म्हणायचे. काकू त्यांना कोपरानं ढोसायची. चहाला बसल्यावर मात्र हे मुके गृहस्थ काकूच्या प्रत्येक वाक्याला "तसं न्हाई ते" असं म्हणून अडवायचे. मग दोघांची जी जुंपायची ती परतूर येईपर्यंत. एकदा आमच्या ओळखीचे एक गृहस्थ त्याच डब्यात होते. नवरा-बायकोचं शेतीच्या वाटणीवरून बिनसलं आहे, असं त्यांनी बाबांना येऊन काळजीनं सांगितलं. भांडण होतं ते हिरोनं बहिणीच्या लग्नाआधी जेलमधून पळायला हवं होतं की नाही, यावर.

लहानपणी पाहिलेल्यातला तुझा आवडता सिनेमा कोणता, असं मी तिला विचारलं की काकू एका तंबूतल्या सिनेमाचं नाव घ्यायची. तिचं माहेर हसनाबाद. सुगीनंतर गावाबाहेर तंबू लागला होता आणि ती आजीबरोबर गेली होती. ऐन मध्यावर वावटळ आली, पडद्याची दोरी तुटली आणि नायिका, तिची सासू नि पाठीमागचा वाडा सगळं गुंडाळून शेजारच्या वावरात जाऊन पडलं. दुसऱ्या दिवशी तंबू हलला. शेवट राहिला तो राहिलाच. त्यामुळं काकू तो आपल्या मनानं सांगायची. स्वतःच्या सासूवर रागावलेली असली की सिनेमातली सासू विहिरीत पडायची. सासूनं प्रेमानं डोक्याला तेल लावलं असलं की त्याच सासूला पश्चात्ताप व्हायचा आणि ती सुनेला बांगड्या काढून द्यायची. पुढं घरोघरी व्हिडिओ आला तेव्हा मी हौसेनं त्या सिनेमाची कॅसेट भाड्यानं आणली. काकूनं वावटळीपर्यंतचा भाग डोळ्यांची पापणी न हलवता पाहिला. मग उठली, वाळवणं काढते म्हणून गच्चीवर गेली ती सिनेमा संपल्यावरच खाली आली. मी शेवट सांगू लागले तर म्हणाली, "राहू दे. त्याच्यापरीस मह्याकडं जास्त हायेत."

माझं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा काकू पाहुण्यांसमोर बसायला खास आष्टीहून आली. पहिलंच स्थळ तोलामोलाचं. मुलगा इंजिनिअर, औरंगाबादला स्वतःचं घर, देण्याघेण्याची काही अट नाही. बाबांनी मनात होकार देऊनच टाकला होता. पोहे झाले, बोलणं अडलं, तशी काकूनं मुलाला विचारलं की त्याला पिक्चर वगैरे पाहायची आवड आहे का. मुलगा म्हणाला, आहे, नवीन लागलेला प्रत्येक पाहतो. काकूनं जालन्यात त्या आठवड्यात लागलेल्या सिनेमाचं नाव घेतलं. तोही पाहिला होता.

"मंग त्यातला उंटाचा शीन कसा वाटला?"

मुलानं रुमालानं ओठ टिपले. मग सावरून म्हणाला, "फारच सुंदर. विशेषतः फोटोग्राफी."

काकूनं मान डोलावली आणि त्याला आणखी पोहे वाढले. मी पदराआड जीभ चावली. तो सिनेमा मी काकूबरोबर आदल्याच दिवशी पाहिला होता आणि त्यात उंट नव्हता. वाळवंटही नव्हतं. सगळी गोष्ट समुद्रावरची होती.

पाहुणे गेल्यावर घरात आनंदीआनंद होता. काकू भांडी आवरता आवरता म्हणाली की हे स्थळ नको. बाबा चमकले. उंटाची हकिगत कळल्यावर तर त्यांचा तोलच गेला. एवढं चांगलं स्थळ एका उंटावरून मोडायचं का, असं त्यांनी वहिनींना जरा चढ्या आवाजात विचारलं. बाबा काकूशी त्या सुरात कधी बोलत नसत. काकूनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"भाऊजी, पिच्चर पाह्यला न्हाई हे कबूल करायला काही खर्चा येतो का? तेवढंबी ज्याला जमलं न्हाई, तो उद्या मोठं नुकसान झालं तर घरात खरं सांगंल? पोरगी विचारत बसंल आन ह्यो फोटोग्राफी सांगंल."

बाबांना हे पटलं नव्हतं. मग काकू माझ्याकडं वळली आणि त्या मुलात मला काय आवडलं असं विचारलं. चांगला आहे, असं म्हणून सुटायची सोय नव्हती. मी पुष्कळ आठवून पाहिलं. त्याचं घर आठवलं, पगार आठवला. त्याच्यातलं असं काहीच आठवेना. मी नको म्हणाले. बाबा दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत आणि काकू आष्टीला गेली तरी तिच्या नावानं घरात धुसफूस होत राहिली. पुढचं वर्षभर एकही बरं स्थळ आलं नाही तेव्हा तर आईसुद्धा म्हणू लागली की काकूच्या उंटानं पोरीचं नशीब तुडवलं. मीही आतून घाबरले होते.

मग श्रीकांत आले. एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत नोकरीला, पगार बेताचा, जुन्या स्कूटरवर आईला मागं बसवून आलेले. काकू हजर होतीच. बाबांनी तिला डोळ्यांनी खूण केली की आज काही विचारू नका. तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि पोहे संपायच्या आत त्या आठवड्यात लागलेल्या सिनेमात उंट आणलाच.

श्रीकांत गोंधळले. "उंट?" त्यांनी कपाळाला आठी घातली. "नव्हता बहुतेक. पण खरं सांगायचं तर मध्ये मला झोप लागली होती. रात्रपाळी करून गेलो होतो. तेव्हा येऊन गेला असेल तर माहीत नाही."

त्यांच्या आईनं शरमून खाली पाहिलं. पोराला चारचौघांत झोपेचं सांगायची काय गरज होती, असं त्या माउलीला वाटलं असणार. काकू मात्र इतकी हसली की तिचा पदर डोक्यावरून घसरला. "बराबर," ती म्हणाली, "झोपन्यासारखाच व्हता." बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मला त्या माणसात काय आवडलं ते मी त्या वेळी सांगू शकले असते.

लग्नानंतर मी जालन्यातच राहिले. काकू-काकांच्या फेऱ्या आता आमच्या घरापर्यंत वाढल्या. असंच काही वर्षं चाललं, आणि एका हिवाळ्यात काका गेले. सकाळी बैलांना चारा टाकून ओट्यावर टेकले ते तसेच. दिवस झाल्यावर बाबांनी काकूला शेजारी बसवून समजावलं. हळू आवाजात, आदरानंच सांगितलं, की वहिनी, आता सिनेमाचं तेवढं राहू द्या, गावात लोक बोलतात. काकूनं पदर नीट केला आणि मान हलवली. बाबांना सुटल्यासारखं झालं. मला ती मान हलवणं पाहवलं नाही.

बरेच महिने ती जालन्याला आली नाही. तिचा मुलगा यायचा, शेंगा देऊन जायचा. आई कशी आहे विचारलं की म्हणायचा, आहे, जेवते, कामं करते, बोलत नाही.

एका रविवारी दुपारी मी बाबांकडं होते तेव्हा काकू दारात उभी राहिली. इस्त्रीचं नऊवार, केस चोपून बसवलेले. पाणीही न पिता ती बाबांपुढं गेली.

"भाऊजी, कपडे करा. पिच्चरला जायचंय."

बाबा तिच्या तोंडाकडं पाहतच राहिले. ती शांतपणे म्हणाली, "यकटी गेले तर लोक बोलतेन, हे तुमचं म्हननं बराबर हाय. म्हनून तुमाला घ्यायला आले."

बाबांनी कॉलेज सुटल्यापासून थिएटरात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी आईकडं पाहिलं. आई एकदम तांदूळ निवडू लागली. शेवटी ते उठले, कचेरीत घालायचा शर्ट घातला आणि आम्ही तिघं रिक्षात बसलो. सिनेमा विनोदी होता. बाबा सुरुवातीला फाईल समोर असल्यासारखे ताठ बसले होते. मग एका प्रसंगात एक जाडा सावकार पलंगाखाली अडकला, आणि बाबांना हसू फुटलं. ते थांबेचना. पुढच्या रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. त्यांतला एक बाबांच्या हाताखालचा कारकून होता. त्यानं घाबरून नमस्कार केला आणि बाबांनी हसत हसतच तो घेतला.

बाहेर आल्यावर बाबा गंभीर होत म्हणाले, "ठीक होता." काकूनं त्यांना फॅमिली रूममध्ये बसवून घेतलं आणि ठीक म्हणजे काय, असा जाब विचारला. आधी बाबा टाळत होते, मग त्या सावकाराची बाजू घेऊन बोलू लागले. काकू म्हणाली, तसं नाही. बाबा म्हणाले, तसंच आहे. दोनदा चहा झाला.

संध्याकाळी मी काकूजवळ बसले होते. एवढे महिने आली का नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "पिच्चरचं काही न्हाई गं. तो यकटीनंबी पाहता येतो. पन पाहून आल्यावर 'तसं न्हाई ते' म्हननारं मानूस लागतं. तुह्या काकानं जल्दी केली." एवढं बोलून तिनं पदरानं डोळे टिपले आणि लगेच, तुझा बाप हसतो तेव्हा घोड्यासारखा दिसतो, हेही सांगितलं.

त्यानंतर दीर-भावजय नियमानं सिनेमाला जाऊ लागले. लोक बोललेच. एका नातेवाइकांनी बाबांना लग्नाच्या पंगतीत टोकलं, तेव्हा बाबा म्हणाले की पुढच्या रविवारी तुम्हीही चला, फक्त मत तयार ठेवा.

काकू गेली ती थोड्या दिवसांच्या आजारानं, जालन्याच्या दवाखान्यात. त्या वॉर्डात आवाज बिघडलेला एक टीव्ही होता. त्यावर मुक्यानंच चाललेल्या सिनेमांचे संवाद काकू खाटेवरून बोलायची आणि आजूबाजूच्या बायका सलाईन लावलेल्या हातांनी तोंड दाबून हसायच्या. बाबा रोज जायचे. शेवटच्या दुपारीही त्यांच्यात वाद झाला होता, पण कशावरून ते बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

ती गेल्यावर बाबा पुन्हा पेपरात तोंड घालून बसू लागले. आई म्हणायची, टीव्ही लावून देते, पाहतात, काही बोलत नाहीत. मग एका सकाळी त्यांचा मला फोन आला. काहीतरी कामाचं असेल असं वाटलं. इकडचं तिकडचं विचारून झालं, आणि ते अडखळत म्हणाले की काल टीव्हीवर एक सिनेमा पाहिला. त्यातल्या धाकट्या भावाचं कसं चुकलं ते त्यांनी बारकाईनं सांगितलं. मीही तो पाहिला होता, आणि त्यांचं म्हणणं मला अक्षर न् अक्षर पटलं होतं.

"छे, बाबा," मी म्हणाले. "धाकट्याचं काहीच चुकलं नाही."

 पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, बाबांनी घसा साफ केला आणि ते मला पहिल्या प्रसंगापासून समजावून सांगायला लागले.