झेंडा खाली धरणारे स्टेशन

मुलांनो, परवा आमच्या गावच्या छोट्या रेल्वेचे रूळ उचलून नेताना पाहिले, म्हणून हे लिहिते आहे. त्या गाडीला वेळापत्रक होते, पण ते माणसे पाहून पाळले जाई. शेताच्या बांधावरून कोणी पळत येताना दिसले, की स्टेशनमास्तर हिरवा झेंडा खालीच धरत.

माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजी पेपरच्या सकाळी वाटेत बैलगाडीचे चाक निखळले. मी बांधावरून धावत सुटले. गाडी चुकली असती, तर वर्ष बुडाले असते.

“काल म्हशीसाठी थांबलो, आज हिच्यासाठी!” गार्ड कुरकुरला.

“म्हशीला पेपर नव्हता, गार्डसाहेब,” मास्तर म्हणाले.

मी डब्यात चढल्यावरच झेंडा हलला.

आता स्टेशनात शेळ्या बसतात. समोरच्या रस्त्यावर एसटी येते. बांधावर कोणी दिसले, तर ड्रायव्हर अजूनही थांबतो.