सोबत्याच्या जागी संग्रामचं नाव

संग्रामला जाऊन महिना होत आला असेल. कुंडलहून वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांच्या फोनवर मेसेज आलाय. वरच्या आळीतल्या अण्णांची रातची पाण्याची पाळी हाय, सोबतीला ह्यांचं नाव दावतंय... आता कुणी जायाचं?" मी तिकडं साताऱ्यात, जाणं शक्य नव्हतं. शेवटी वहिनींनीच शेजारच्याला अण्णांबरोबर धाडलं.

सांगलीच्या हॉस्टेलातली आमची दोस्ती. पुढे आयफोनची ॲप्स लिहायला लागलो, तो कुंडलात, मी साताऱ्यात. दिवसभर कॉल चालू असायचा, बोलणं जेमतेम. त्याचं खोकणं, खुर्ची सरकवणं ऐकत माझं काम व्हायचं. शेवटच्या दिवशी पलीकडचा आवाज थांबला, तेव्हा मला वाटलं चहाला उठला असेल... हृदयच बंद पडलं होतं त्याचं.

गावातल्या पाण्याच्या पाळ्यांचं ॲप आम्ही हौसेनं केलं होतं. रात्री उसात एकट्यानं पाणी धरायला जायचं नाही, ही तिथली रीत. स्विफ्ट भाषेत एका पाळीची माहिती, म्हणजे शेत, वेळ आणि सोबती, एका साच्यात बसते. त्याला स्ट्रक्ट म्हणतात. पाळी तयार होताना यातली एकही जागा रिकामी राहून चालत नाही, आणि त्या भरण्याचं काम इनिशियलायझरचं. तो स्विफ्टकडून आयता मिळतो, पण स्वतःचा लिहिला की आयता नाहीसा होतो. म्हणून मी म्हणत होतो, आयताच राहू दे. संग्रामनं ऐकलं नाही. त्यानं स्वतःचा लिहिला आणि त्यात घातलं, सोबती दिला नसेल तर संग्राम.

"अरे, प्रोग्रामात स्वतःचं नाव घालतोस?" मी हसलो होतो.

"मग काय झालं, इरफान? कुणी न्हाई गावलं तर मी हाय की गड्या."

आणि मेसेज आला की तो खरंच जायचा. दुसऱ्या दिवशी कॉलवर जांभया देत बसायचा, मी चिडवायचो.

वहिनींच्या फोननंतर ते नाव ठेवणं शक्यच नव्हतं. अण्णांसारखा कुणी त्या नावाच्या भरवशावर एकटाच उसात गेला असता. मी ते पुसलं. तशा अख्ख्या प्रोग्रामभर चुका दाखवणाऱ्या लाल खुणा उमटल्या. जिथं जिथं मी सोबत्याची जागा मोकळी सोडली होती, तिथं तिथं. इतकी वर्षं तो निमूटपणे ती भरत होता आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. फार एकटं वाटलं.

आता सोबत्याचं नाव घातल्याशिवाय ॲप पुढे जात नाही. लाल खुणा एकेक करून मी मिटवल्या. एक तेवढी राहिली आहे. ॲप तपासायच्या वेगळ्या भागात सुरुवातीला मी माझ्याच नावाची एक लुटुपुटुची पाळी लिहिली होती; तिच्यामुळे गावातलं ॲप अडत नाही. हेडफोन कानाला लावून रोज तिच्यासमोर बसतो. सोबती कोण, ते अजून लिहिता आलेलं नाही.