काठाच्या चार बोटं आधी

गाडीच्या रंगाचं काम करणारा माणूस गाडी बघत नाही, चाचपतो. आपला रंगवालाही त्यातलाच. त्याला नाव होतं, पण ते फक्त लाइटच्या बिलावर दिसायचं. सव्वीस वर्षं एकाच शेडमध्ये उभा राहून बोटांची अशी गत झाली होती की बायको म्हणायची, हा माणूस बाजारात टोमॅटोसुद्धा उलट्या हाताने तपासून घेतो. खोटं नव्हतं ते.

त्या वर्षी शहरातल्या वेगाच्या गाड्यांमागे कुणीतरी हात धुऊन लागलं होतं. जमिनीला टेकलेल्या, रुंद चाकांच्या, सुरू केल्या की खिडक्यांच्या काचा थरथरतात ना, त्या गाड्या. आधी एकीचे आरसे गेले. मग एकीची चारही चाकं. मालक सकाळी बाहेर येतो तर गाडी विटांवर बसलेली. मग एक लाल गाडी अख्खीच गेली. आणि जोडीला या रेघा. भरदुपारी जिमबाहेर गाडी लावावी, तासाभराने परत यावं, तर दारावर हातभर लांब ओरखडा. मालकांचा एक ग्रुप होता. त्यांनी ठरवूनच टाकलं की रेघ मारणारा आणि गाडी उचलणारा एकच, रेघ म्हणजे चोरांची खूण. तो सापडला तर त्याचं काय करायचं याचेही बेत झाले होते, आणि त्यातले बरेचसे इथे लिहिण्यासारखे नाहीत.

रेघांच्या गाड्या रंगवाल्याकडेच यायच्या. चार गाड्या त्याने गपगुमान केल्या. पाचवी आली तेव्हा मात्र तो तिच्यापुढे उकिडवा बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

रेघ फक्त दारावर होती. दार खोलून वेगळं काढता येतं, एकट्याचं रंगवता येतं. मागचं मडगार्ड तसं नाही. ते बॉडीलाच जोडलेलं असतं, त्याला धक्का लागला की रंग थेट छतापर्यंत न्यावा लागतो. ही रेघ त्या मडगार्डाकडे निघाली होती खरी, पण दाराच्या काठाच्या चार बोटं आधी थांबली होती. वरचा लॅकर, म्हणजे रंगावरचा चकाकीचा थर, तेवढा फाटला होता. पत्रा उघडा पडला नव्हता, म्हणजे गंजाची भीती नाही. त्याने आधीच्या गाड्या आठवून पाहिल्या. सगळ्या तशाच. आता मला सांगा, गाडीची नासधूस करायला निघालेला माणूस गाडीला इतका जपेल कशाला?

शिवाय रेघेची दोन्ही टोकं अलगद विरलेली. गनने रंग मारताना हात आधी हलला पाहिजे, रंग नंतर सुटला पाहिजे, म्हणजे कडेला डाग बसत नाही; हे त्याला ज्यांनी शिकवलं त्या उस्तादांनी त्यासाठी त्याच्या पाठीत धपाटेही घातले होते. असा हात शहरात दोघांचाच. एक त्याचा स्वतःचा होता, आणि त्याने तर काही केलं नव्हतं. दुसरा उस्तादांचा.

उस्तादांनी काम सोडून सहा वर्षं झाली होती. दीड वर्षापूर्वी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अशाच एका गाडीने रस्ता ओलांडताना उडवलं होतं. गाडी थांबली नाही, कधी सापडलीही नाही. काकू वाचल्या, पण पाय गेले. तेव्हापासून त्या खिडकीजवळच्या पलंगावर आणि उस्ताद त्यांच्या उशाशी.

आठवडाभरात रेघांच्या आणखी दोन गाड्या आल्या, रंगवाल्याने कुणाजवळ काही काढलं नाही. सांगणार तरी कोणाला? मग आठवी आली, निळी. गाडी दातांच्या डॉक्टरबाईंची होती. ग्रुपमध्ये सगळ्यांत तिखट त्याच.

"पोलिसांत तक्रार मीच दिलीय," त्या म्हणाल्या. "दवाखान्यासमोरच्या मेडिकलवाल्याकडे कॅमेरा आहे. शुक्रवारी रेकॉर्डिंग मिळतंय. एकदा चेहरा दिसू दे, गाडीचोरीत अडकवते की नाही बघा त्याला."

तो दिवस बुधवार होता. रंगवाल्याने शटर ओढलं आणि तडक शाळेमागच्या गल्लीतलं उस्तादांचं घर गाठलं.

काकूंचा डोळा लागला होता. दोघं स्वयंपाकघरात बसले. उस्तादांनी चहा टाकला आणि पाठ न वळवता विचारलं, "किती आल्या तुझ्याकडे?"

"आठ."

"मी सहा केल्या."

"दोन पार पत्र्यापर्यंत गेल्यात, उस्ताद."

"त्या माझ्या नाहीत," उस्ताद एकदम वळले. त्यांना खरोखरच राग आला होता. "असलं गलिच्छ काम मी करेन? कुणीतरी नुसता खिळा ओढलाय. तू ओळखलं नाहीस?"

रंगवाल्याला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

"ती लाल गाडी चोरीला गेली," तो म्हणाला, "तीसुद्धा तुमच्याच गळ्यात मारतील. परवा तुमचा चेहरा दिसणार आहे. कशाला केलंत हे?"

उस्तादांनी गॅस बारीक केला. "खालून अशी गाडी गेली ना, की ती दचकते. जेवत असली तर घास तोंडातच राहतो. दिवसातून दहा वेळा. मी खिडकी लावून पाहिली, पडदे जाड केले. मग नंबर लिहून घ्यायला लागलो. मला वाटलं, यांनाही कळू दे एकदा, जपलेल्या गोष्टीवर ओरखडा आला की कसं वाटतं ते." मग ते म्हणाले, "तुझ्या काकूला सांगू नकोस. पोलीस परवडले. तिने तोंड फिरवलं तर मी कुठे जाऊ?"

"मग उद्या शेडमध्ये या. निळीचं दार तुम्हीच करायचं, आणि बाईंना तुम्हीच सांगायचं. कॅमेऱ्याआधी."

गुरुवारी उस्ताद आले. सकाळभर दार घासलं, रंग चढवला, लॅकर मारला. रंगवाला शेजारी नुसता उभा राहून बघत होता. असं काम बघायला मिळून किती वर्षं झाली, असं त्याच्या मनात आलं, आणि या घडीला आपल्याला हे सुचतंय याची लाजही वाटली. संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. त्यांनी दारावर तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "कळतसुद्धा नाही हो कुठे होतं ते."

"मीच ओढली होती ती रेघ," उस्ताद म्हणाले, आणि कारणही सांगितलं. काही लपवलं नाही, सारवासारवही केली नाही.

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "घरी आजारी माणूस आहे म्हणून काहीही करायचं? तीन वर्षं दिवसाचे बारा तास उभी राहून घेतलीय मी ही गाडी. तुमच्या बायकोला मी उडवलं होतं का?"

"नाही," उस्ताद म्हणाले.

बाई गाडीत बसल्या. मग उतरल्या. "मला बघायचंय त्यांना. मग ठरवते काय करायचं ते." गाडी तिथेच ठेवून त्या दोघांबरोबर चालत निघाल्या.

काकूंना सांगितलं ते एवढंच, की या रंगवाल्याच्या गिऱ्हाईक आहेत, दातांच्या डॉक्टर आहेत. काकू खूश झाल्या. बाईंना पलंगावरच बसवून घेतलं, कवळी कशी टोचते ते सांगायला लागल्या, तोंड उघडून दाखवलंसुद्धा. बाई वाकून बघत होत्या, तेवढ्यात खालून एक गाडी डरकाळी फोडत गेली.

काकूंनी बाईंचा हात धरला. धरला म्हणजे नखं रुतली. आवाज कोपऱ्यावरून पार विरून गेला तरी पकड सैल होईना. बाईंनी हात सोडवून घेतला नाही. खाली रस्ता होता तसा झाला, आणि काकू ओशाळून हसल्या. "वेडीच आहे मी. सवयच होत नाही बघ."

बाई हळूच म्हणाल्या, "माझ्याकडेही तसलीच गाडी आहे, काकू. निळी. रोज इथूनच जाते."

उस्तादांनी मान खाली घातली. काकूंनी बाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"निळी होय," त्या म्हणाल्या. "तुझी जरा कमी वाजते गं."

निळीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. खोलीतल्या चौघांनाही ते ठाऊक होतं. बाईंनी डाव्या हाताने पर्समधून फोन काढला आणि ग्रुपवर लिहायला घेतलं, की माझी रेघेची तक्रार मी मागे घेते आहे, आणि उद्यापासून शाळेमागच्या गल्लीतून कुणी गाडी न्यायची नाही. उजवा हात अजून काकूंच्या हातात होता, त्यामुळे लिहायला बराच वेळ लागला.