टोपलीखालचं पान

आमच्या शेजारच्या नलूवहिनी म्हणजे प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरभर धाक. नवरा शालिकराम प्लांटमधून आले की मागच्या मोरीवर पाय धुतल्याशिवाय त्यांना घरात घेत नसत. तिथल्या गळक्या नळाखाली एक नेचा वाढला होता, कोवळे शेंडे आत गुंडाळलेला. अंगणातला गुलमोहर भर मे महिन्यात, कोणी पाणी न घालता, लालभडक व्हायचा. नेचा मात्र त्या नळाच्या जिवावर.

अशाच मे महिन्यात एका पहाटे शालिकराम घरातच वारले. मयतीहून परतणारी माणसं मोरीवर हातपाय धुणार, म्हणून मुलानं, मोहितनं, सकाळीच शेवाळासकट नेचा खुरपून काढला आणि पेटत्या कचऱ्यात टाकला.

रात्री रीतीप्रमाणे, जीव गेला त्या जागी पीठ पसरलं, वर टोपली झाकली, शेजारी दिवा लावला. पिठात उमटेल त्या जन्माला माणूस गेला, असं आमच्याकडे मानतात. वहिनींना एकच घोर होता, आपला माणूस गेला कुठं. खोलीला त्यांनी स्वतः कडी घातली.

सकाळी टोपली उचलली. पिठात एका पानाचा ठसा होता. पान कुठंच नव्हतं.

दीर मारोतराव म्हणाले, गुलमोहर. मोहित म्हणाला, हवेनं आलं असन, और क्या. मला कुठं गप्प बसवतं! गुलमोहराचं पान आणून मी शेजारी दाबलं. त्याचे बारीक बारीक सुटे ठिपके उमटले. आधीच्या ठशात पात्या देठाला चिकटलेल्या होत्या आणि शेंडा आत वळलेला होता. गुलमोहराचा शेंडा असा गुंडाळत नाही. मोहित आपल्या नखांकडे बघत होता. त्यांत अजून हिरवं होतं.

वहिनींनी त्याचं तोंड पाहिलं. मग तळहातानं सगळं पीठ पुसून टाकलं.

"गुलमोहरच होय," त्या म्हणाल्या. "फुलाच्या झाडात गेले थे."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बायांनी गुलमोहराला कुंकू लावलं. वहिनी त्या झाडाखाली कधी बसल्या नाहीत. त्या रोज मोरीत, नेचा होता तिथल्या उघड्या सिमेंटवर तांब्याभर पाणी ओततात. मोरी तुंबलेली आहे, तरी पाणी साचत नाही. मी पाहिलंय, कोणी पिऊन टाकावं तसं जातं. आता मी तिकडं बघत नाही.

एकदा मोहितनं मागं उभं राहून विचारलं, "आई, थो खरंच गुलमोहर होता का?"

वहिनींनी तांब्या पालथा घातला.

"तुयासाठी होता," त्या म्हणाल्या.