दुधनेला न आलेला पूर

निजामाचं राज व्हतं तवाची गोष्ट. आमचं गाव जालन्याहून भोकरदनच्या वाटंवर, अन् धाकटी बहीण दिलेली पार घनसावंगीकडं. पंचमीला भाऊ मुराळी म्हणून गाडी घेऊन जातो अन् बहिणीला माहेरी आणतो, आमच्यात हीच रीत. कुणी न्यायला आलं न्हाई तर बाई आपली आपण निघत न्हाई. सासरचे मंग जल्मभर टोचतात.

आदल्या साली तिला परत सोडायला गेल्तो, तवा ती गाडीतून उतरंचना. म्हणली, "दादा, पुढच्या बारीला आणलं तर परत धाडू नको. हे लोक मारतात."

मी काय केलं? आडलेल्या बैलाची नक्कल केली. ती हसली अन् उतरली.

त्या साली मी पारावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, औंदा बहिणीला आणतो, अन् परत बिलकुल धाडत न्हाई. लोक वा वा म्हणले. मला तर वाटलं, आणलीच.

निघालो तर बायको दारात. "बहिणीला आणायला निघालात, अन् गाडी कुठंय?"

बैल थकलेत म्हणलो. बैल बसून बसून माझ्यावाणीच माजले व्हते. भाकरी बी मी एकल्यापुरतीच बांधल्ती. जायचं ठरवलं व्हतं, ते खोटं न्हाई. पण न जायची सगळी तयारी माझ्याच हातानं केल्ती, अन् ते तर मी कधीच ठरवलं न्हवतं.

जालन्यात चहाच्या हाटेलात बसलो. मालकाला सांगितलं कुठं चाललो ते. तो म्हणला, "भाई हो तो ऐसा." मंग दोन दिस तिथंच लोकांला हसवत बसलो. बहीण आणली की तिच्या नवऱ्याशी भांडण आलं, अन् मला भांडताना बघून तर लोक जास्तीच हसतात. घरी येऊन सांगितलं, दुधनेला पूर आलाय, गाडीवाट बंद.

पंचमीच्या दिशी दुपारी ती आली. एकली, पायी, डोक्यावर गाठोडं. पावसानं ताण दिल्ता, पाय धुळीनं पांढरे झाल्ते. बाया झोका सोडून बघून राह्यल्या.

बायकोनं इचारलं, "वन्सं, पूर उतरला का दुधनेचा?"

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, "उतरला. लई व्हता."

बायको पाणी आणायला आत गेली, तवा ती हळूच बोलली, "दोन दिस रस्त्याकडं बघितलं, दादा. मंग वळखलं, तू काय येत न्हाईस."

मला एक नक्कल सुचंना.

गाठोडं बायकोनंच आत नेलं. पुढं बहिणीचा नवरा तिला न्यायला आल्ता, तवा दारात आडवी बी तीच उभी राह्यली. मी गोठ्यात वैरण टाकत व्हतो. बैलांचं पोट भरल्तं, तरी टाकतच व्हतो.

बहीण परत गेली न्हाई. गावात अजून म्हणतात, बहीण संभाळावी तर ह्यानं. मी मान खाली घालतो. लोकांला वाटतं, लाजतोय बिचारा.