चार ते पाच लाइनवर दाब

त्याचं खरं नाव केबलच्या ऑफिसातल्या हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळीकडे तो मुंगीभाऊ. घरोघरी टीव्हीला सेट-टॉप बॉक्सचे डबे यायच्या आधीचे ते दिवस. वायर थेट टीव्हीच्या पाठीत जायची आणि कुठे सांधा ढिला झाला, की पडद्यावर मुंग्या यायच्या. लोक फोन करायचे, "भाऊ, मुंग्या आल्यात." हा सायकलीला शिडी बांधून निघायचा. एकोणीस वर्षांत त्याने इतक्या मुंग्या घालवल्या, की नाव चिकटलं ते चिकटलंच.

मुंगीभाऊचा एक हट्ट होता. दोष सापडल्याशिवाय तक्रारीच्या कागदावर सही घ्यायची नाही. बाकीचे लोक टीव्हीच्या टाळक्यात एक चापट मारत, चित्र आलं की सही घेऊन पसार होत. हा वायर बोटांतून सरकवत शेवटापर्यंत जायचा. चित्रात सावली आली, माणसाच्या मागे दुसरा माणूस दिसायला लागला, की म्हणायचा, "कुठेतरी पाणी मुरतंय." आणि बहुतेक वेळा ते खरोखरच मुरत असायचं, गच्चीवरच्या एखाद्या उघड्या सांध्यात.

अशा या माणसाला पहिल्या मजल्यावरच्या निरीक्षकांनी जेरीस आणलं.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सदतीस वर्षं दुकानदारांची मापं तपासलेली, त्यामुळे घरी भाजीसुद्धा जोखून बघायचे. दिवसभर खुर्चीत बसून टीव्ही, आणि चार ते पाच चर्चेचा कार्यक्रम. पडद्यावरची चार माणसं भांडायची आणि निरीक्षक पाचवे. समोरच्याला आपलं ऐकू जात नाही, ही गोष्ट त्यांनी कधी मनावर घेतली नव्हती.

पहिल्यांदा मुंगीभाऊ गेला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. चित्र आरशासारखं स्वच्छ.

"आत्ता नाही हो. चार वाजता येतात," निरीक्षक म्हणाले आणि वही पुढे केली. वहीत लिहिलं होतं : 'सोमवार. ४ वाजून ६ मिनिटं, मुंग्या, दाट. ४ वाजून ५८ मिनिटं, स्वच्छ. मंगळवार. ४ वाजून ४ मिनिटं, मुंग्या, मध्यम, शिवाय वक्त्याला दोन डोकी.'

मुंगीभाऊने टीव्हीमागची पिन बदलली. दुसऱ्या दिवशी फोन. "आल्या होत्या." मग त्याने जिन्यातला स्प्लिटर बदलला. जिथून एका वायरीच्या चार होऊन चार घरांत जातात, ती ही डबी. परत फोन. मग गच्चीवर चढून अ‍ॅम्प्लिफायरचे सगळे सांधे आवळले, टेप गुंडाळली. परत फोन. शेवटी एकदा मुद्दाम चारला पाच कमी असताना शिडी घेऊन हजर झाला. पाच वाजेपर्यंत खुर्चीशेजारी स्टुलावर बसला. एक मुंगी येईल तर शपथ.

निरीक्षक बिचारे तोंडघशी पडले. "काल या वेळेला नुसतं वारूळ होतं," असं तीनतीनदा म्हणाले. आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी, काकू, शिलाई मशीन चालवत होत्या. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश असं काम त्या घरी करत. मशीन खिडकीशी होतं, रस्ता सरळ कोपऱ्यापर्यंत दिसायचा.

"वयामुळे होत असेल," मशीन न थांबवता काकू म्हणाल्या.

"टीव्हीच्या?" मुंगीभाऊने विचारलं.

काकूंनी दुसरा अभ्रा मशीनखाली सरकवला.

ऑफिसात मालक वैतागला. "त्या म्हाताऱ्याकडे परत जाऊ नकोस. त्यांना काम नाही, आपल्याला आहे."

पण मुंगीभाऊला जेवण गोड लागेना. बायकोने विचारलं, "काय झालंय?" तर म्हणाला, "चारला येतात आणि पाचला जातात. मुंग्यांना घड्याळ कधीपासून कळायला लागलं?" बायको म्हणाली, "आपल्या टीव्हीत दोन महिने येतायत, त्याचं बघा आधी." ते त्याने ऐकलं नाही.

पुढच्या गुरुवारी तो चालत गेला. शिडी नाही, सायकल नाही. पिशवीत आपला छोटा टीव्ही, पुस्तकाएवढ्या पडद्याचा, लाइन तपासायचा. साडेतीनलाच जिन्यात पायरीवर बसला, स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडाला तो टीव्ही जोडला आणि वाट बघत राहिला. वरच्या मजल्यावरची एक बाई खाली उतरताना म्हणाली, "घरी जागा नाही का टीव्हीला?" त्याने पाय आखडून तिला वाट दिली.

चार वाजून पाच मिनिटांनी आतून निरीक्षकांचा आवाज आला. "आल्या."

मुंगीभाऊने मांडीवरच्या टीव्हीकडे बघितलं. चित्र लख्ख. म्हणजे डबीपर्यंत सगळं ठीक, दोष घरात. एवढा आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नसेल. तो उठला आणि दार वाजवलं.

निरीक्षकांनी दार उघडलं आणि पडद्याकडे बोट केलं. वक्ता होता की झाड होतं, कळत नव्हतं. "बघा. आता बघा."

"बसा काका. मी वायर बघतो. बदल दिसला की तिथूनच सांगा."

वायर दाराच्या चौकटीवरून आत आली होती, मग भिंतीच्या कडेने शिलाईच्या खोलीत, तिथून भोकातून बाहेरच्या खोलीत टीव्हीकडे. मुंगीभाऊ तिच्यावरून बोट फिरवत सरकत गेला. मशीनच्या मागे, काकूंच्या गुडघ्याच्या उंचीवर, त्याच्या बोटाला काहीतरी टोचलं. निळ्या डोक्याची टाचणी होती. वायरीत आरपार, बाहेरच्या जाळीपासून आतल्या तांब्याच्या तारेपर्यंत.

त्याने वर बघितलं. काकू मशीन चालवत होत्या. फक्त मशीनवर कापड नव्हतं.

त्याने टाचणी ओढली.

"गेल्या," बाहेरून आवाज आला.

परत टोचली.

"आल्या. सापडलं का?"

"शोधतोय," मुंगीभाऊ म्हणाला आणि खाली बसला. वीतभर वायरीवर बारीक भोकं होती, शेजारी शेजारी, शिवणीसारखी सरळ ओळीत. चाळीसेक तरी असतील. तो वर न बघता खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, अहो वायर आहे ती. अशी भोकं पाडल्यावर ओल शिरते, तार हिरवी पडते. पावसाळा आला की कायमच्या मुंग्या."

"मला काय माहीत," काकू तितक्याच हळू म्हणाल्या. "मी रोज नवीन जागा घ्यायचे. म्हटलं एकाच जागी नको."

"पण कशासाठी?"

काकूंनी दाराकडे बघितलं. "नोकरीत होते तेव्हा सातला यायचे, दमलेले. म्हटलं निवृत्त झाले की बोलतील. आता दिवसभर घरात आहेत आणि त्या पेटीतल्या लोकांशी भांडतात. मी इथे भिंतीसारखी. एक दिवस वायर पडद्याच्या कापडात अडकली, चुकून टाचणी गेली. चित्र गेलं तसे उठून इथे आले. या बादलीवर बसले. गणवेशांना बटणं लावून दिली."

"काय बोलले?"

"मुंग्यांबद्दल. पाच मिनिटं मुंग्या, मग दहा मिनिटं तुम्ही."

"मी?"

"केबलवाले कसे कामचुकार असतात ते." काकूंनी थोडं अवघडून टाचणीची डबी सरकवली. "पण बोलले. पहिले आठ दिवस मुंग्याच. मग मापं कशी तपासायचे ते सांगितलं. परवा माझ्या गुडघ्याची चौकशी केली. तुम्ही येताना दिसलात की मी टाचणी लावायचेच नाही. शिडी लांबूनच दिसते."

मुंगीभाऊने त्या भोकांवरून परत एकदा बोट फिरवलं. सांगितलं तर काकांची वही खरी ठरते, मालकापुढे आपली मान ताठ राहते, पण काकूंची बादली रिकामी पडते. न सांगितलं तर एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच खोट्या दोषावर सही घ्यावी लागते.

"ती टाचणी मात्र बंद करा," शेवटी तो म्हणाला. "मला बघवत नाही."

त्याने पक्कड काढली, भोकांचा तुकडा कापून खिशात टाकला आणि दोन्ही टोकांना पितळी जोड बसवला. काकूंचा हात बसल्या जागी पोचेल असा. "हा असा फिरवला की सुटतो. असा फिरवला की बसतो. वायरीला इजा नाही."

काकूंनी दोनदा फिरवून बघितला.

"गेल्या. आल्या. गेल्या. अहो चाललंय काय?" निरीक्षक दारात उभे.

मुंगीभाऊ उठला. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे घसा खाकरला. "काका, दोष कळला. चार ते पाच लाइनवर दाब येतो."

"दाब? किती?"

"भरपूर."

"भरपूर हे माप नाही. मोजलात का?"

"मोजायचं यंत्र मालकाकडे असतं. पण त्या वेळात टीव्ही बंदच ठेवलेला बरा. सेट खराब होतो."

निरीक्षकांनी वही उघडली आणि लिहून घेतलं. यंत्रणेत दाब असू शकतो, हे त्यांना एकदम पटलं. वर्षानुवर्षं लोकांना तेच सांगत आले होते, तराजूवर बोटाचा दाब देऊ नका म्हणून. त्यांनी सही केली आणि बाहेर जाऊन टीव्ही बंद केला. काकूंनी बादली उलटी करून ठेवली.

तीन आठवडे त्या घरातून फोन नाही. मग एका सकाळी मालकाने मुंगीभाऊला बोलावलं.

"त्या इमारतीच्या जिन्यात म्हाताऱ्याने कागद चिकटवलाय. 'दुपारी चार ते पाच लाइनवर दाब असल्याने सर्वांनी टीव्ही बंद ठेवावेत. माजी निरीक्षक, वजनमापे.' आपल्या लाइनवर कसला दाब रे?"

मालकाने तक्रारींचा गठ्ठा चाळला. एकदा, दुसऱ्यांदा.

"त्या इमारतीतनं तीन आठवड्यांत एकही नाही?"

"नाही."

"मग असू दे दाब," मालक म्हणाला आणि दुसरा कागद ओढला.

तो बाहेर आला तर जिन्यात भेटलेली वरच्या मजल्यावरची बाई ऑफिसच्या पायऱ्यांशी उभी होती. हातात भाजीची पिशवी, म्हणजे सहज बाजाराला निघाल्यासारखं दाखवत होती. इकडेतिकडे बघून म्हणाली, "भाऊ, खालच्या काकू सांगत होत्या, तुम्ही तो पितळी जोड बसवून देता."

"कुठे बसवायचाय?"

"स्वयंपाकघरात. ओट्याजवळ." मग जरा घुटमळून म्हणाली, "आमच्याकडे दाब रात्री आठ ते नऊ आला तर चालेल ना? जेवायच्या वेळेला?"

मुंगीभाऊने थोडा विचार केला, खिशातून कागद काढला आणि घराचा नंबर लिहून घेतला.